मुलगा म्हणतो लिनक्स, मालक म्हणतात टॅली

पत्र

आमच्याकडे २०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे. विंडोज १०, चार जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकला तर चहा आधी होतो. दुकानदार म्हणतात, यावर विंडोज ११ जात नाही, नवीन घ्या, नाहीतर काहीतरी करून ११ टाकून देतो. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, पैसे घालवू नका, विंडोज काढून त्याजागी लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकू. आमच्या मालकांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. रात्री जेवण झाल्यावर ते याच लॅपटॉपवर टॅलीत बिलं भरतात, जीएसटीही इथूनच भरतात. त्यांचं म्हणणं, चालत्या गाडीला खीळ घालू नका. मी बचत गटाची सचिव आहे. हिशेब एक्सेलमध्ये आहेत आणि नऊ वर्षांची पत्रं, ठराव श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. मुलगी आठवीत, सासरे रोज सकाळी यूट्यूबवर कीर्तन ऐकतात. घरात रोज यावरून वाद. मी कोणाचं ऐकू?

— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर

ताई,

लिनक्स टाका. पण टॅली त्या लॅपटॉपवरून दुसरीकडे जाईपर्यंत नाही, आणि तुमची श्रीलिपीतली पत्रं सोडवून घेईपर्यंत तर मुळीच नाही. ही दुसरी गोष्ट तुमच्या मुलाच्या लक्षातही आली नसेल. त्याच्या पिढीनं मोबाइलवर पहिल्यापासून युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीतच मराठी लिहिलं, जुन्या फॉन्टचा जाच त्यांनी पाहिलेला नाही.

आधी घाई कशाची आहे ते सांगते. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी करून सुरक्षेपुरती एक वर्षाची वाढीव मुदत दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यानंतर लॅपटॉप बंद पडत नाही, टॅलीही उघडत राहील. फक्त विंडोजमध्ये जी नवीन भोकं सापडतील ती कोणी बुजवणार नाही. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. २०१६ च्या लॅपटॉपमधला इंटेलचा प्रोसेसर फार तर सातव्या पिढीचा. म्हणजे दुकानदारांनी पहिलं वाक्य खरं सांगितलं.

त्यांचं दुसरं वाक्य मात्र मनावर घेऊ नका. 'काहीतरी करून टाकून देतो' म्हणजे तपासणी चुकवून बसवलेलं विंडोज. बऱ्याचदा त्याबरोबर लायसन्स फोडणारा एखादा प्रोग्रामही येतो, आणि तो चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद ठेवायला सांगतात. त्या फोडणाऱ्या प्रोग्राममध्ये आणखी काय भरलंय हे बसवून देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ज्या मशीनवरून जीएसटी भरला जातो आणि बँकेचा पासवर्ड टाकला जातो, त्यावर असला प्रकार नको. इथं मी जरासुद्धा सवलत देणार नाही.

टॅलीचं काय

मालकांना सांगा, ते बरोबर बोलतायत. टॅली प्राइम विंडोजसाठी बनवलेलं आहे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायला 'वाइन' नावाची सोय आहे, आणि मुलगा तुम्हाला तीच दाखवेल. टॅली त्यात उघडलं तरी धंद्याचा हिशेब त्यावर टांगू नका. मार्चअखेरीला ते अडलं तर फोन कोणाला करणार? टॅलीवाले म्हणणार आमचा प्रोग्राम विंडोजवर चालवा, आणि ते चुकीचं नाही.

माझा सल्ला असा, की वर्कशॉपसाठी ऑफिसातून निघालेला एखादा वापरलेला डेस्कटॉप घ्या, आठव्या पिढीचा किंवा पुढचा, रीतसर विंडोज ११ असलेला. चांगल्या नव्या लॅपटॉपपेक्षा तो बराच स्वस्त पडतो. लॅपटॉपवरच्या टॅलीचा बॅकअप घ्या, तो नव्या मशीनवर चढवा, मागच्या दोन वर्षांचे ताळेबंद आकड्याला आकडा लावून जुळवा. लायसन्स एका वेळी एकाच मशीनवर चालणारं असेल, तर जुन्या मशीनवर ते 'सरेंडर' करून मगच नव्यावर चालू करायचं. हे आधी केलं नाही तर ऐन वेळी अडचण होते.

यात एक जास्तीचा फायदा आहे. बिलं जिथं फाटतात तिथंच भरली गेली तर रात्री जेवणानंतरचं ते काम सुटेल. मालकांपुढे हे मांडून बघा. लिनक्सचं नाव न काढता मांडलंत तर जास्त बरं.

जीएसटीची वेगळी काळजी नको. पोर्टल ब्राउझरमध्ये चालतं आणि मालकी एकट्याची असेल तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनं रिटर्न भरता येतं. फर्म कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागतं. तसं असेल तर ते काम डोळे झाकून विंडोजवरच ठेवा.

तुमची नऊ वर्षांची पत्रं

आता तुमच्या कामाकडे येते, कारण या घरात सगळ्यात जास्त नुकसान तुमचं होऊ शकतं आणि पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय.

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलच्या आत 'क' साठवलेला नसतो. आत असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवतो. फॉन्ट काढला की चित्र उतरतं आणि उरतो तो नुसता रोमन अक्षरांचा कचरा. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथं 'क'ला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. तो मोबाइलवर, विंडोजवर, लिनक्सवर, बँकेच्या मशीनवर 'क'च राहतो. लिनक्सवर श्रीलिपी बसत नाही. म्हणून विंडोज हाताशी आहे तोवरच ही फाइलींची वर्गवारी उरकायची.

दोन ढीग करा. पहिल्या ढिगात फक्त पुरावा म्हणून ठेवायचे कागद येतील. जुने ठराव, पाठवून झालेली पत्रं, संपलेल्या कर्जांची कागदपत्रं. यांचं रूपांतर करत बसू नका. एकेक उघडा आणि पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये अक्षराचं चित्र आतच बसवलेलं राहतं, त्यामुळे ते कुठंही आहे तसंच दिसतं. दुसऱ्या ढिगात ज्यांचा मजकूर तुम्ही दरवर्षी थोडा बदलून वापरता ते नमुने असतील. सभेची नोटीस, कर्जमागणीचा अर्ज, बँकेला द्यायचं पत्र. असे पंधरा-वीसच निघतील बघा. तेवढेच युनिकोडमध्ये बदलून घ्यायचे. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात.

रूपांतर झाल्यावर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास घोटाळा करतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती चिन्हं दिसतील तशी टाइप केलेली असतात, उच्चाराच्या क्रमानं नाही. तुमच्या कागदात सगळ्यात जास्त येणारा शब्द कोणता? 'कर्ज'. त्यातला रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर जाऊन बसला तर बँकेतला माणूस अर्ज परत पाठवेल. आकडेही तपासा. मी एकीच्या फाइलीत रुपयाच्या आकड्यामधला स्वल्पविराम उडालेला पाहिलाय.

आणि टायपिंग. तुम्ही कुठल्या पद्धतीनं टाइप करता ते लिहिलं नाहीत. इनस्क्रिप्ट येत असेल तर काहीच शिकायचं नाही, तो कळफलक लिनक्समध्ये असतोच, फक्त सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडायची. येत नसेल तर महिनाभर रोज वीस मिनिटं द्या. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी त्याची मांडणी आहे. 'कर्ज' लिहायला इंग्रजी बटणं बघितली तर के, जे, डी, पी. के म्हणजे क, जे म्हणजे र, डी म्हणजे हलन्त, पी म्हणजे ज. र पायमोडका करून ज दिलात की रफार आपोआप डोक्यावर जातो, तो वेगळा शोधावा लागत नाही. पहिले आठ दिवस हात अडखळतील. उच्चारानुसार इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचीही सोय आहे, पण तुम्ही सचिव आहात, तुमचं लिहिणं रोजचं आहे, तुम्ही इनस्क्रिप्टच शिका असं मी म्हणेन.

एक्सेलच्या जागी लिबरऑफिस येईल. ते विंडोजवरही फुकट बसतं, म्हणून आजच बसवा आणि महिनाभर गटाचा हिशेब त्यातच करा. खालचं विंडोज तसंच राहू द्या, वरचं काम तेवढं बदला. मग लिनक्स आल्यावर तुमच्यासमोर ओळखीचाच पडदा असेल. गटाच्या वहीसारखा साधा हिशेब, बेरजा, व्याजाचा कॉलम, हे सगळं नीट उघडतं. कॉलमची रुंदी किंवा फॉन्ट थोडा हलतो. मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, वापरले असतील तर मात्र ते तपासावे लागतील. बँकेला फाइल पाठवताना एक्सेलच्याच प्रकारात साठवायची, हे सेटिंगमध्ये एकदा कायमचं करून ठेवा. नाहीतर लिबरऑफिस स्वतःच्या प्रकारात साठवतं आणि समोरच्याला ती फाइल नीट उघडेलच असं नाही.

जुनी डिस्क पुसायची नाही

हा भाग मुलाला वाचायला द्या.

लॅपटॉप हळू आहे याचं मोठं कारण त्यातली फिरती डिस्क आहे. लॅपटॉपमधल्या अशा डिस्का बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, आणि प्रत्येक छोट्या फाइलीसाठी सुई तबकडीवर इकडून तिकडे पळते. नुसतं लिनक्स टाकून हे दुखणं पूर्ण जात नाही. अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी डिस्क, घ्या आणि जमलं तर रॅम आठ जीबी करा. मग फरक दिसेल.

आणि एसएसडी घेतल्यावर जुनी डिस्क रिकामी करायची नाही. ती बाहेर काढायची, त्यावर तारीख लिहून कपाटात ठेवायची, आणि लिनक्स नव्या एसएसडीवर बसवायचं. मालकांना नाही पटलं, टॅलीत जुनं काही बघायचं राहिलं, तर स्क्रू काढून पहिली डिस्क परत लावली की लॅपटॉप होता तसा. यूएसबीचं साधं केसिंग आणलंत तर त्या डिस्कवरचे फोटो आणि फाइली लिनक्समध्ये थेट उघडतात. फक्त ती काढण्याआधी विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून मशीन पूर्ण बंद करा, आणि बिटलॉकरचं कुलूप लागलेलं नाही ना ते बघा. लागलं असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायची पद्धतही आहे. कॉलेजची मुलं तसंच करतात. तुमच्या घरात मी ती सुचवत नाही, आणि त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. २०१४ साली मी दादाच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवत होते. 'डिस्क पुसून बसवा' असा पर्याय आला. विंडोजमध्ये सी आणि डी असे दोन भाग दिसायचे, फोटो डीमध्ये होते, म्हणून मला वाटलं फोटोंना धक्का नाही. डिस्क एकच होती. पुतणीच्या बारशाचे फोटो गेले आणि आमच्या वडिलांच्या शेवटच्या दिवाळीचेही गेले. वहिनींनी आजवर एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. मला ते अजून बोचतं. म्हणून तुमच्या मुलाला माझं सांगणं आहे, ज्या डिस्कवर घरचे फोटो आहेत ती लॅपटॉपमध्ये असताना इन्स्टॉलर चालूच करू नकोस.

फोटो आणि गटाच्या कागदांची आणखी एक प्रत घराबाहेर असू द्या. शाहूपुरीत राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ सालचा पंचगंगेचा पूर सांगायला नको. लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटाच्या खालच्या कप्प्यात असेल तर पाणी दोन्हीला सारखंच शिवतं. माहेरी, बहिणीकडे, उंचावरच्या कोणाकडे तरी एक पेनड्राइव्ह ठेवून या.

कुठलं लिनक्स, आणि आधी चाखून बघणं

लिनक्सचे प्रकार ढीगभर आहेत. गाभा एकच. हेलसिंकीत शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली तो लिहायला घेतला, आणि सासऱ्यांच्या हातात अँड्रॉइडचा मोबाइल असेल तर तोही याच गाभ्यावर चालतो. त्या गाभ्यावर कोणी उबुंटू उभारलं, कोणी फेडोरा. तुम्ही लिनक्स मिंट घ्या. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. विंडोजवरून येणाऱ्याला चाचपडावं लागत नाही. रॅम चारच जीबी राहणार असेल तर त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. मुलाला एखादी अवघड, रोज हात मागणारी आवृत्ती आवडत असेल तर ती त्यानं स्वतःच्या मशीनवर चालवावी. घराच्या मशीनवर प्रयोग नकोत.

बसवण्याआधी आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घालून लॅपटॉप त्यावरून चालू करता येतो. डिस्कला हातही लागत नाही. त्याला वेळ लागेल, पेनड्राइव्ह संथच असतो, पण कळायचं ते कळतं. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, आणि प्रिंट निघते का. वायफायला त्रास झाला तर मोबाइल केबलनं जोडून त्याचं इंटरनेट द्या आणि मिंटमधल्या ड्रायव्हर मॅनेजरला योग्य ड्रायव्हर (तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) शोधू द्या, बहुतेक वेळा तिथंच सुटतं. प्रिंटरचं मात्र मॉडेलनुसार बदलतं. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांना चांगली साथ आहे, वायफायवर चालणारे नवे प्रिंटर तर बऱ्याचदा ड्रायव्हरशिवायच लागतात. पण काही जुनी स्वस्त लेझर मॉडेलं फार सतावतात. ठराव छापायचे असतील तर ही परीक्षा आधीच झालेली बरी.

सासऱ्यांचं काम सगळ्यात सोपं. फायरफॉक्स उघडलं की यूट्यूब. त्यांच्या कीर्तनाचं चिन्ह पडद्यावर मोठं करून ठेवा. मुलीचंही फारसं अडणार नाही. प्रोग्रामिंग शिकवणारं स्क्रॅच ब्राउझरमध्ये चालतं, पायथन आणि गणितासाठीचं जिओजेब्रा लिनक्सवर आहेत. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं तर वर्षानुवर्षं लिनक्सवरच आयटी शिकतायत. पुढं एमएस-सीआयटी केलं तर विंडोज आणि ऑफिसची ओळख तिला केंद्रावर होईलच. मुलगा मेकॅनिकलला असेल तर त्यालाच एक विचारा, आराखडे काढायचे ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्सवर चालत नाहीत, मग कॉलेजचं काम तो कुठं करणार? याचं उत्तर त्याच्याकडे तयार असलं पाहिजे. वर्कशॉपच्या नव्या डेस्कटॉपवर, असं तो म्हणाला तर मालकांना आधी विचारून ठरवा.

एक गोष्ट त्याच्याकडून कबूल करून घ्या. पासवर्ड तुमच्या डायरीत लिहिलेला असेल. टाइमशिफ्ट नावाची सोय तो चालू करून देईल, म्हणजे एखाद्या अपडेटनंतर बिघडलं तर मशीन आदल्या दिवसाच्या स्थितीत नेता येतं. आणि ते कसं करायचं हे तो तुमच्याकडून एकदा करून घेईल, तुमच्या हातानं, स्वतः माऊसला हात न लावता. दोन वर्षांनी तो नोकरीला पुण्याला गेला तर लॅपटॉप तुमच्याच जिवावर चालायचाय.

मुहूर्त काढताना महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा. दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-१ आणि ३बी त्याच तारखांना अंगावर असतात. मार्च-एप्रिल तर नकोच. मुलाला सलग चार दिवस सुट्टी असेल असा आठवडा निवडा, चार्जर लावूनच काम सुरू करा, इतक्या जुन्या बॅटरीवर विसंबू नका. मध्येच लाइट गेली तर घोळ होतो.

तुमच्या प्रिंटरचं मॉडेल आणि तुम्ही कुठल्या कळफलकानं टाइप करता, हे दोन्ही पत्रात राहिलंय. तेवढं कळवा. तोवर श्रीलिपीच्या फोल्डरमध्ये फाइली किती आहेत ते मोजून ठेवा.